थांबणाऱ्या मुलाचा अहवाल

पत्र आलं तेव्हा रिसबूड सर भेंडी चिरत होते. निवृत्त झाल्यावर घरातली भाजी चिरायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही आणि चुकलं तर चुकलेलं खाऊन टाकता येतं, असं त्यांचं म्हणणं.

सगळा कारभार फोनवर चालायच्या या दिवसांत कागदावर, शिक्का मारून काही आलं की ते साधं नसणार, हे त्यांच्या पत्नीला, हेमाताईंना, ठाऊक होतं. त्यांनी पाकीट फोडलं, दोन ओळी वाचल्या आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"अहो, तुमचंही आलं बघा. फेरतपासणी केंद्राचं."

सुरी थांबली. गेली दोन वर्षं सर याच पाकिटाची धास्ती घेऊन जगत होते.

"कोण आहे?"

"याकूब दस्तगीर शिकलगार. आज वय एकोणचाळीस. तुम्ही तपासलंत तेव्हा आठ."

सरांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. काही आठवेना. ज्याच्या आयुष्याच्या कागदावर आपण सही केली, त्याचा चेहराही आपल्याला आठवू नये!

अरविंद रिसबूड बावीस वर्षं मिरजेत आणि आसपासच्या तालुक्यांत मुलांची मानसशास्त्रीय चाचणी घेत असत. वर्गात मागं पडणारी, अक्षरं उलटीसुलटी लिहिणारी, एका जागी न बसणारी, कुणाशीच न बोलणारी मुलं शाळा त्यांच्याकडं पाठवीत. एका जुन्या कातडी पेटीत रंगीत ठोकळे, चित्रांचे पत्ते आणि सेकंद मोजायचं घड्याळ घेऊन ते गावोगाव फिरत. तासभर मुलासमोर बसत आणि अहवाल लिहीत. त्या अहवालावर ठरे, की मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळणार, की वेगळ्या शाळेत जावं लागणार, की शाळाच सुटणार. सरांनी हे काम मन लावून केलं होतं. पण प्रत्येक सहीनंतर घरी जाताना त्यांना वाटायचं, आपलं चुकलं तर नाही? तेव्हा चुकलं की बरोबर, हे सांगणारं कुणी नव्हतं. आता होतं.

ते सांगणाऱ्या यंत्राचं नाव बोधालेख.

यंत्र म्हणजे दिसायला सुती टोपीच. आतून बारीक संवेदक शिवलेले. मेंदूत विचार चालतो तेव्हा विजेची अगदी पुसट कुजबुज होते, हे तर शंभराहून अधिक वर्षं माहीत होतं. पण ती कुजबुज म्हणजे बाजारातला कलकलाट, त्यातून एकाचा आवाज वेगळा काढणं अशक्य, असंच सगळे समजत. मग दहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं, की माणसाला उत्तर सापडतं त्या क्षणी मेंदूत एक ठराविक आकाराची लहर उठते. तोंड उघडायच्या आधी. कधीकधी तर आपल्याला उत्तर आलंय हे आपल्यालाच कळायच्या आधी.

इथून सगळं बदललं. जुन्या चाचणीत परीक्षकाला घराची दोनच दारं दिसत. एका दारातून प्रश्न आत जाई, दुसऱ्यातून उत्तर बाहेर येई. मधल्या वेळात घरात काय चाललंय याचा अंदाज करायचा. उशीर झाला तर मूल मंद. बोधालेख मधल्या भिंतीच काढून टाकी. पडद्यावर तीन पट्टे उमटत. निळा ऐकण्याचा, पिवळा विचाराचा, लाल थांबण्याचा, म्हणजे उत्तर तयार असून ते धरून ठेवण्याचा. वीस मिनिटांत कळे, की या मुलाचा वेळ अक्षरं आणि आवाज जुळवण्यात जातोय, त्या मुलीचं लक्ष दर चार सेकंदांनी खिडकीबाहेर पळतंय, आणि त्या तिसऱ्याला सगळं येतंय, फक्त परक्या माणसाशी बोलायचं भय वाटतंय. शाळाशाळांतून मुलं सुखी झाली. रिसबूड सरांनी हे सगळं वाचलं होतं, पुन्हापुन्हा, पेन्सिलीनं खुणा करून. त्यांना मनापासून आनंद झाला होता आणि त्याच रात्रीपासून त्यांची झोप उडाली होती.

कारण टोपी मोठ्यांच्याही डोक्यावर बसत होती.

जुने सगळे दाखले एव्हाना सरकारी साठ्यात चढले होते. ट्रंकेत पडून राहिलेल्या कागदांना पाय फुटले होते. माणसानं कुठंही आपला ओळखक्रमांक दिला, की लहानपणचा दाखला त्याच्या आधी हजर. तेव्हा सरकारनं सोय केली, की ज्याला आपला दाखला खोटा वाटतो त्यानं फेरतपासणी मागावी. पण तुलना न्याय्य व्हायची तर तेच प्रश्न, तोच आवाज आणि तीच पद्धत हवी. मूळ परीक्षक हयात असेल तर त्यानंच समोर बसून विचारायचं. तो आला नाही तर प्रकरण समितीकडं जाई आणि दीड वर्ष तिथंच राही.

"जाणार ना?" हेमाताईंनी विचारलं.

"रक्तदाब वाढलाय माझा."

"तुमचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे. कालच मोजला."

"आत्ता वाढला असेल."

सायंकाळी केंद्राच्या प्रमुख डॉक्टर गार्गी ऐनापुरे यांचा फोन आला. ती एके काळची सरांची विद्यार्थिनी.

"सर, येताय ना? की प्रकृतीचं पत्र लिहून ठेवलंयत?"

सरांनी टेबलावरच्या अर्धवट लिहिलेल्या पत्रावर वर्तमानपत्र ठेवलं, जणू तिला फोनमधून दिसणार होतं.

"गार्गी, समिती करील की. माझ्यापेक्षा हुशार माणसं आहेत त्यात."

"समिती दीड वर्षानं करील. आणि याकूबभाईंना महिन्याच्या आत हवंय. सतारी करणारं घर आहे त्यांचं. आता वाद्यकारागिरीची शाळा निघतेय, बारा मुलं शिकणार. उस्ताद म्हणून यांचं नाव एकमतानं ठरलं. क्रमांक घातला, तर पडद्यावर तुमचा दाखला. 'सौम्य मतिमंदत्व.' नियम म्हणतो, अशा व्यक्तीकडं मुलांची जबाबदारी देता येत नाही. एक तारखेपर्यंत दाखला बदलला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल."

"आणि दाखला बरोबर निघाला तर?"

"तर बरोबर निघेल." ती जरा थांबली. "सर, तुम्हाला कशाची भीती वाटतेय? चुकीचा निघण्याची की बरोबर निघण्याची?"

सरांनी 'बघतो' म्हणून फोन ठेवला.

त्यांनी माळ्यावरून आपली जुनी टिपणवही काढली. अहवाल शाळेला जाई, पण वही सरांची स्वतःची. शिकलगार, याकूब. शाईत लिहिलं होतं: "हसतमुख मुलगा. अंगठ्यावर कानशीचे वळ. वाचताना अक्षरावर अडखळतो. प्रत्येक उत्तराआधी थांबतो." आणि त्यापुढं पेन्सिलीनं: "का?"

त्या दिवशी बाहेर आणखी मुलं रांगेत बसली होती. 'का' तिथंच राहिला होता. एकतीस वर्षं. सर त्या अक्षराकडं बराच वेळ बघत बसले. मग प्रकृतीच्या पत्राचे चार तुकडे केले.

शनिवारी निघताना ते देव्हाऱ्यापाशी घुटमळले.

"आता काय हवंय?" हेमाताई म्हणाल्या.

"घंटा. पद्धतपत्रकात लिहिलंय माझ्याच हातानं. 'प्रत्येक प्रश्नाआधी घंटा वाजवून लक्ष वेधले.' तीच पद्धत हवी."

"मुलांची परीक्षा घ्यायला देवाची घंटा न्यायचात तुम्ही?"

"आवाज चढवायला जमायचं नाही मला. पोरं दंगा करायची. आईची ही घंटा वाजवली की गप्प व्हायची."

"अजूनही जमत नाही," हेमाताई म्हणाल्या आणि घंटा फडक्यात गुंडाळून त्यांच्या पिशवीत घातली.

केंद्र जुन्या टेलिफोन ऑफिसच्या इमारतीत होतं. बिनचालकाच्या रिक्षेनं सरांना दारात सोडलं. जिना चढून ते वर आले तर बाकावर सत्तरीच्या पुढची एक बाई ताठ बसलेली, डोक्यावर पदर, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. शेजारी रुंद खांद्यांचा, दाढी राखलेला माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं अदबीनं मान झुकवली. बाई उठली नाही.

"तुम्हीच का ते घड्याळवाले?" ती म्हणाली.

"मी रिसबूड."

"मी हमीदाबी. याकूबची आई. त्या दिवशीबी मीच आणलं व्हतं याला, आन् तुम्ही मला बाहेर बसवलं. आत काय झालं देव जाणे. आठ दिवसांनी हेडमास्तरांनी कागद वाचून दाखवला. याच्या अब्बांनी चौथीतनं नाव काढलं. गल्लीतली पोरं खुळा म्हनायची. दोन ठिकाणी सोयरीक मोडली या कागदापायी. एक गोष्ट सांगा साहेब, तासाभरात कळतं व्हय हो माणूस?"

"अम्मी, ऱ्हाऊ दे," याकूब हळू आवाजात म्हणाला.

"का ऱ्हाऊ दे? एकतीस वर्सं ऱ्हाऊ दिलं."

सर तिथंच उभे राहिले. माफी मागावी तर अजून काही सिद्ध झालेलं नव्हतं. न मागावी तर तोंड दाखवायला जागा नव्हती. "नाही कळत," एवढंच ते म्हणाले. बाईनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. हे उत्तर तिच्या अपेक्षेतलं नसावं.

गार्गीनं दार उघडून सगळ्यांना आत घेतलं. "या वेळी अम्मींनाही आत बसू देऊ. मात्र बोलायचं नाही हं, अम्मी."

"मी कुठं बोलते?" हमीदाबी म्हणाल्या.

याकूबच्या डोक्यावर टोपी चढली. पडदा सरांच्या आणि गार्गीच्या बाजूला होता. सरांनी जुने प्रश्न समोर ठेवले, घंटा वाजवली आणि एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला विचारलं, "कावळा आणि विमान यांच्यात सारखं काय?"

याकूब शांत बसला. एक, दोन, तीन... पडद्याकडं बघायचा सरांना धीर होईना. ते सवयीनं घड्याळच बघत होते. नऊ सेकंदांनी याकूब म्हणाला, "दोघंबी उडतात. आन् उतरायला जागा बघतात."

एकतीस वर्षांपूर्वीही असंच झालं असणार. जुन्या नियमाप्रमाणं पाच सेकंदांनंतरच्या उत्तराला गुण नव्हते. म्हणजे दाखला बरोबर होता? इतकी वर्षं त्यांना वाटायचं, की आपण बरोबर ठरलो तर मोठं ओझं उतरेल. आता या बाईसमोर बरोबर ठरायची कल्पनाच त्यांना सोसवेना.

"सर," गार्गी कुजबुजली, "इकडं बघा."

पिवळा पट्टा जेमतेम बोटाच्या पेराएवढा होता. प्रश्न संपल्यावर अर्ध्या सेकंदात उत्तराची लहर उठलेली. आणि त्यापुढं लांबच लांब लाल. थांबणं.

"उत्तर तयार होतं," ती म्हणाली. "साडेआठ सेकंद धरून ठेवलंय त्यांनी."

पुढचे प्रश्न झाले. "एक घोडा आणि तीन कोंबड्या, सगळ्यांचे मिळून पाय किती?" पिवळा पेरभर, लाल हातभर, मग "धा". प्रत्येक वेळी तेच. गार्गीनं भुवया आक्रसल्या.

"असा लाल पट्टा मी तोतऱ्या मुलांत बघते, किंवा मार खाल्लेल्या मुलांत. पण यांची नाडी बघा, झोपलेल्या माणसासारखी शांत. घाबरलेला माणूस असा नसतो. मग थांबतायत कशासाठी? यंत्र थांबलेत एवढंच सांगतं, का ते सांगत नाही." तिनं खांदे उडवले. "अहवालात 'अनिश्चित' लिहावं लागेल, सर. आणि अनिश्चित म्हणजे पुन्हा समिती."

पुन्हा तोच 'का'. सरांनी खिशातली पेन्सिल काढली. यंत्रापुढं आपली अक्कल काय चालणार, असं मनात येत होतंच; पण हातांना चाळा हवा म्हणून ते आकडे मांडू लागले. कावळ्याचा प्रश्न विचारायला चार सेकंद लागले, त्यानंतर याकूब थांबला नऊ. घोड्याचा प्रश्न मोठा, सहा सेकंदांचा. थांबला सात. एक छोटा प्रश्न होता, तीन सेकंदांचा. तिथं थांबला दहा. सरांनी बेरजा केल्या. तेरा. तेरा. तेरा.

प्रश्नांशी या थांबण्याचा काही संबंधच नव्हता! जे काही होतं, ते प्रश्नाच्या आधी सुरू होत होतं आणि बरोबर तेरा सेकंदांनी संपत होतं.

"गार्गी, हा निळा पट्टा," सर चाचरत म्हणाले, "ऐकण्याचा. प्रश्न संपल्यावर तो संपायला हवा ना? ही खाली बारीक रेघ कसली?"

"ती? यंत्राची खरखर असेल."

"तेराव्या सेकंदाला टेकते बघ. प्रत्येक ठिकाणी. आणि ती टेकली की लाल संपतो."

गार्गीनं चित्र मोठं केलं. सर टेबलावरच्या घंटेकडं बघत होते.

त्यांनी ती उचलली, एकदा वाजवली आणि कान देऊन बसले. टण्ण असा आवाज झाला, गोल गोल फिरत गेला आणि चार सेकंदांत विरला. निदान त्यांच्या कानांना तरी विरला.

"याकूबभाई," ते म्हणाले, "आत्ता काही ऐकू येतंय?"

याकूबनं उत्तर दिलं नाही. नुसतं एक बोट वर केलं, थांबा म्हणून. खोलीत काहीही आवाज नव्हता. मग बोट खाली आलं.

"आता विझला," तो म्हणाला. "कांस्याची हाय न्हवं घंटा? शेवटाला जरा वर चढतो सूर हिचा."

"मग सूर चालू असताना बोललात का नाही?"

याकूबला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "सूर विझायच्या आत बोलायचं कसं?"

आता मात्र हमीदाबींना राहवलं नाही. "आमच्या घरची रीतच हाय ती, साहेब! जवारी, म्हंजे तारेच्या सुरातली गुंज, काढायचं काम आमचं. सतारीच्या घोडीचा, म्हंजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं तसूतसूनं घासायचा, तार छेडायची आन् सूर पार विझंपर्यंत ऐकायचा. मधी कुणी बोललं की कळत न्हाई, कुठं अडलंय ते. याचे अब्बा लई कडक. सूर जिवंत असताना कुणी तोंड उघडलं तर कानशीचा दांडा बसायचा पाठीत. पाच वर्सांचा असल्यापास्नं हा तिथं बसतोय. पण तुम्ही घंटा वाजवता हे मला काय ठाव? मी बाहेर!"

सर पुढं वाकले. "लहानपणी मला सांगितलं का नाहीस, बाळ?" ते म्हणाले आणि समोर दाढीवाला माणूस आहे हे विसरूनच गेले.

याकूब खाली बघून हसला. "मला वाटलं तुम्हीबी ऐकताय. प्रश्न इचारून तुम्हीबी गप बसला व्हता घड्याळ धरून. मला वाटलं, मानूस चांगला हाय, सूर पुरा होऊ देतोय."



मग सरांनी घंटा फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली आणि सगळे प्रश्न पुन्हा विचारले, घंटेविना. पहिलं उत्तर इतक्या चटकन आलं, की सरांचा प्रश्न पुरा व्हायचाच होता. दुसरं तसंच. पुढं पुढं याकूबला त्यात गंमत वाटू लागली आणि तो उत्तरावर आपलं मत जोडू लागला. "तीन कोंबड्या आन् घोडा एकत्र बांधू नयेत पण, सर." गार्गी हसली. लाल पट्टा कुठं उमटलाच नाही.

शेवटी वाचन राहिलं. तिथं मात्र पडद्यावर वेगळंच चित्र आलं. याकूबच्या समोर साधा परिच्छेद होता आणि तो घामाघूम झाला. पिवळा पट्टा पसरत गेला. अक्षर दिसल्यापासून त्याचा आवाज मेंदूत जुळेपर्यंत इतरांच्या चौपट वेळ लागत होता.

"हे खरं आहे," गार्गी म्हणाली. "वाचनाची अडचण. जन्मजात. बुद्धीशी तिचा संबंध नाही. वाचून दाखवणारं कुणी असलं, वेळ वाढवून दिला, की झालं. हे तर तेव्हाही माहीत होतं आपल्याला."

"मला माहीत होतं," सर म्हणाले. "वहीत लिहिलंय मी, अक्षरावर अडखळतो म्हणून. पण अहवालात मंद लिहून झालं होतं. एकदा मंद लिहिलं, की पुढचं सगळं त्याच खात्यात टाकतो माणूस. पुन्हा बघत नाही." ते याकूबकडं वळले. "याकूबभाई, परीक्षेत जादा वेळ आणि वाचून दाखवणारा, एवढं मिळालं असतं तर तुम्ही शिकला असता. ते मी तुम्हाला मिळू दिलं नाही. चूक माझी आहे."

याकूब टोपी हातात धरून बसला होता. "म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "अक्षरं नाचतात, ते वेगळं. आन् मी खुळा, ते वेगळं?"

"ते दुसरं नाहीच. कधीच नव्हतं."

गार्गीनं दाखला मागं घेण्याचा अर्ज पुढं केला. त्यात चूक कशामुळं झाली ते लिहायचं होतं आणि तीन चौकटी होत्या: साधन, निकष, परीक्षक. "साधनावर खूण करा, सर. घंटेमुळं झालं ते."

"घंटा आपल्या पायांनी आली नव्हती," सर म्हणाले आणि तिसऱ्या चौकटीत खूण करून सही केली. एकतीस वर्षांपूर्वीच्या सहीपेक्षा ही वळणदार आली होती.

नवा अहवाल छापून बाहेर आला. गार्गी तो याकूबच्या हातात देणार, तेवढ्यात सरांनी मधेच घेतला. "मी वाचून दाखवतो. मागच्या वेळी त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता. हेडमास्तरांना दाखवला, वडिलांना दाखवला. ज्याचा होता त्यालाच नाही."

ते उठून उभे राहिले आणि त्यांच्या मानानं मोठ्या आवाजात वाचू लागले. "श्री. याकूब दस्तगीर शिकलगार यांची बौद्धिक क्षमता सर्वसामान्यांहून चांगली आहे. वाचनात जन्मजात अडचण असून त्यासाठी वाचनसाहाय्य द्यावे. श्रवणशक्ती व एकाग्रता असाधारण. पूर्वीचा दाखला परीक्षकाच्या चुकीमुळे दिला गेला होता व तो रद्द करण्यात येत आहे. मुलांना शिकवण्याची जबाबदारी सोपवण्यास कोणतीही हरकत नाही."

"पहिली ओळ परत वाचा," याकूब म्हणाला.

सरांनी परत वाचली.

"आन् एकदा," हमीदाबी म्हणाल्या. "माझ्या या कानाला कमी येतं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता, तरी मान ताठच होती.

सरांनी तिसऱ्यांदा वाचली. मग हमीदाबी उठल्या आणि औषधाच्या दुकानाची ती पिशवी त्यांनी सरांच्या पुढं टेबलावर ठेवली. आत खारका होत्या. "डाक्टरबाईंसाठी आणल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला द्यायच्या असं काय ठरलं नव्हतं. पण घ्या."

याकूबनं तिथल्या तिथं शाळेला फोन लावला. "हॅलो, शिकलगार बोलतोय. व्हय, आलाय कागद. एक तारखेला येतो मी. पोरांना म्हनावं, कानशी मी आनीन." फोन ठेवून तो सरांना म्हणाला, "एक सांगतो सर, माझ्या पोरांना दांडा मारनार न्हाई मी. पण सूर पुरा ऐकायला लावनार."

"लावा," सर म्हणाले. "आणि परीक्षेला कुणी बसलं तर परीक्षकाला तसं कळवून ठेवा."

मायलेक गेल्यावर गार्गी जरा वेळ कागद आवरत राहिली. मग म्हणाली, "सर, एक गोष्ट मुद्दाम सांगितली नव्हती. तुम्ही आलाच नसतात म्हणून. तुमच्या नावावर आणखी सत्तावीस अर्ज आहेत."

"सत्तावीस?"

"बावीस वर्षांत सत्तावीस म्हणजे कमीच आहेत. सावकाश घेऊ. महिन्याला एखादा."

"नको," सर म्हणाले. "माझं वय बघ. सोमवारी कोण आहे ते सांग."

घरी पोचले तेव्हा हेमाताई दारातच उभ्या होत्या. सरांनी चपला काढल्या, घंटा देव्हाऱ्यात ठेवली, खारकांची पिशवी ओट्यावर ठेवली.

"अहो, काय झालं? निघाला का बरोबर?"

"नाही. चूक होती. सपशेल माझी."

"मग हसताय काय असे?"

आपण हसतोय हे सरांना तेव्हा कळलं. "तो सुटला गं," ते म्हणाले. "चांगला हुशार माणूस. बारा पोरांना शिकवणार आहे." मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावून एका दमात रिकामा केला. "आणखी सत्तावीस जण आहेत. सोमवारपासून रोज जायचंय."

हेमाताई घाबरल्या. हा माणूस एका पाकिटानं आठ दिवस जागा होता, सत्तावीस म्हणजे काय होईल! "आणि त्या सगळ्यांतही तुमची चूक निघाली तर?"

सर भेंडीची टोपली पुढं ओढत होते. त्यांनी जरा विचार केला. खरं तर विचार करावाच लागला नाही, उत्तर तयार होतं.

"निघू दे," ते म्हणाले. "सगळ्यांत निघू दे."